सव्वीस दिवस जहाजात, दहा दिवस हॉटेलात

वर्धा, प्रतिनिधी - परदेशातील नोकरीतून रजा काढून घरी यायचे आणि कामावर परतताना दहा-पंधरा दिवस हॉटेलच्या खोलीत बंद राहायचे, हा अनुभव कोरोनाकाळात अनेक भारतीयांनी घेतला. वर्ध्याहून नागपूर, तेथून मुंबई किंवा दिल्ली आणि पुढे परदेश, अशा प्रवासात २०२० आणि २०२१ मध्ये हा सक्तीचा मुक्काम वाढला होता. ही बंधने आता उठली आहेत. मात्र हे दिवस कशाच्या आधारे ठरवायचे आणि त्यांचा भार कोणी सोसायचा, हे प्रश्न पुढच्या साथीतही उभे राहणार आहेत.

दिवसांचे गणित

आजारी व्यक्तीला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण. क्वारंटाईन त्याहून भिन्न आहे. त्यात निरोगी दिसणाऱ्या, पण संसर्गाची शक्यता असलेल्या व्यक्तीला काही काळ इतरांपासून दूर ठेवले जाते. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ म्हणजे अधिशयन काळ. कोरोनाच्या सुरुवातीच्या विषाणूसाठी तो सरासरी पाच-सहा दिवसांचा, क्वचित चौदा दिवसांपर्यंतचा असल्याचे आढळले. चौदा दिवसांचा दंडक त्यातूनच आला.

प्रत्यक्षात प्रत्येक देशाचा आकडा निराळा होता. ऑस्ट्रेलियाने मार्च २०२० पासून १४ दिवसांचा हॉटेल मुक्काम सक्तीचा केला. हाँगकाँगमध्ये तो २१ दिवसांपर्यंत गेला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द झाला. ब्रिटनने २३ एप्रिल २०२१ रोजी भारताला लाल यादीत टाकले. तेथे वास्तव्याचा हक्क असलेल्यांनाच प्रवेश मिळे आणि इंग्लंडमध्ये उतरल्यावर त्यांना दहा रात्री सरकारने ठरवलेल्या हॉटेलात काढाव्या लागत. एका प्रौढ व्यक्तीचा खर्च १,७५० पौंड, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १ लाख ८० हजार रुपये होता आणि तो प्रवाशानेच भरायचा होता. निघण्यापूर्वी एक आणि मुक्कामात दुसऱ्या व आठव्या दिवशी, अशा चाचण्या होत. जेवण दाराशी ठेवले जाई. मोकळ्या हवेत फिरायचे तर सुरक्षारक्षकाची परवानगी लागे. ८ ऑगस्ट २०२१ रोजी भारत या यादीतून वगळला गेला.

ऑस्ट्रेलियाने तर मे २०२१ मध्ये काही दिवस भारतातून परतणाऱ्या आपल्याच नागरिकांनाही प्रवेशबंदी केली. नियम मोडणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती. त्यावर तेथे तीव्र टीका झाली.

दरबानच्या बंदराबाहेर

परदेशातील कामावर परतताना असे अडवले गेलेल्या एका प्रवाशाचे नाव वर्धा जिल्ह्याशी कायमचे जोडले गेले आहे. मोहनदास करमचंद गांधी हे नाताळमध्ये वकिली करीत होते. कुटुंबाला नेण्यासाठी ते १८९६ मध्ये भारतात आले. ३० नोव्हेंबरला कस्तुरबा, दोन मुले आणि भाच्यासह ते मुंबईहून 'कुरलँड' जहाजाने निघाले. मुंबईत तेव्हा प्लेगची साथ होती. १८ डिसेंबरला जहाज दरबानला पोहोचले, तेव्हा ते बंदराबाहेरच थांबवण्यात आले. त्याच सुमारास आलेले 'नादेरी' हे जहाजही अडवले गेले.

प्लेगचे जंतू जास्तीत जास्त तेवीस दिवस टिकतात, असा तेव्हाचा समज होता. त्यामुळे मुंबई सोडल्यापासून तेवीस दिवस पूर्ण होईपर्यंत थांबण्याचा आदेश निघाला. त्या हिशेबाने पाच दिवसांत सुटका व्हायला हवी होती. पण मुदत वाढत गेली. जहाजांवर प्लेगचा रुग्ण नव्हता. शहरात मात्र गोऱ्यांच्या सभा भरत होत्या आणि भारतीयांना परत पाठवा, अशी मागणी होत होती. प्रवासी १३ जानेवारी १८९७ रोजी, म्हणजे सव्वीस दिवसांनी उतरले. गांधीजींवर त्याच दिवशी जमावाने दगड, विटा आणि अंडी फेकून हल्ला केला. पोलीस अधीक्षक अलेक्झांडर यांच्या पत्नीने छत्री उघडून त्यांचा बचाव केला. हल्लेखोरांवर खटला भरण्यास गांधीजींनी नकार दिला. त्याच वर्षी नाताळच्या विधिमंडळाने क्वारंटाईनचा आणि स्थलांतरितांवर निर्बंध घालणारा, असे दोन्ही कायदे केले. आरोग्याचा नियम आणि नकोशा माणसांना रोखण्याचा नियम किती जवळजवळ येऊ शकतात, हे त्यातून दिसले.

अंतर आणि आधार

याचा अर्थ क्वारंटाईन निरुपयोगी आहे, असा नव्हे. लस नसताना साथ लांबवण्याचे ते प्रभावी साधन ठरले. मात्र मुदत अधिशयन काळावरून ठरावी, चाचणीचा निकाल त्यात धरला जावा आणि एकाच धोक्यासाठी सर्व देशांच्या प्रवाशांना एकच नियम असावा, ही किमान अपेक्षा आहे. महिन्याचा पगार खोलीभाड्यात घालवावा लागणाऱ्या कामगाराचाही विचार त्यात हवा.

सेवाग्राम आश्रमात आजही परचुरे कुटी उभी आहे. कुष्ठरोग झालेले संस्कृत पंडित परचुरे शास्त्री १९३९ मध्ये आश्रमात आले, तेव्हा त्यांच्यासाठी ही वेगळी झोपडी बांधण्यात आली. लोक त्या रोगाच्या सावलीलाही घाबरत, त्या काळात गांधीजी स्वतः त्यांच्या अंगाला मालीश करीत. झोपडी वेगळी होती, पण ती आश्रमाच्या आवारातच होती.