वर्तनाधारित यंत्रमानव : हालचालीतून साकारणारी बुद्धी

माणसाने क्षणोक्षणी न चालवता स्वतःच परिसराचा अंदाज घेऊन वावरणाऱ्या यंत्राला स्वायत्त यंत्रमानव म्हणतात. अशा यंत्राने संवेदकांकडून माहिती घ्यावी, तिच्यावरून परिसराचा नकाशा स्मृतीत उभा करावा, मार्ग आखावा आणि मगच चाक हलवावे, अशी आरंभीच्या संशोधकांची धारणा होती. या पद्धतीची मर्यादा स्टॅनफर्ड विद्यापीठातील हान्स मोरावेक यांच्या कॅमेरा बसवलेल्या गाडीने उघड केली : १९७९ मध्ये खुर्च्या मांडलेली खोली तिने कोणाच्याही मदतीविना पार केली खरी, परंतु दर मीटरभर अंतरानंतर थांबून गणित करावे लागत असल्याने सुमारे २० मीटरच्या या प्रवासाला जवळपास पाच तास लागले.

एमआयटीतील रॉडनी ब्रुक्स यांनी १९८६ मध्ये हा क्रमच मोडला. त्यांनी नियंत्रणाची विभागणी ‘वर्तनां’मध्ये केली, वर्तन म्हणजे संवेदकाने टिपलेल्या स्थितीला थेट कृतीने उत्तर देणारा छोटा, स्वयंपूर्ण घटक. अडथळा टाळणे हा सर्वांत खालचा थर, भटकणे हा त्यावरचा आणि दूरचे ठिकाण हेरून तिकडे जाणे हा त्याच्याही वरचा, असे हे थर एकाच वेळी काम करतात आणि गरज पडेल तेव्हा वरचा थर खालच्याचे संदेश दडपून स्वतःचे पुढे करतो. या मांडणीला ‘सबसम्प्शन’ रचना म्हणतात. वरचा थर बंद पडला तरी खालचे थर आपले काम चालू ठेवतात, हे तिचे मोठे बळ होय.

ब्रुक्स यांच्या प्रयोगशाळेतील ‘गेंगिस’ या सुमारे एक किलो वजनाच्या, सहा पायांच्या यंत्राने १९८०च्या दशकाअखेरीस या रचनेचे बळ सिद्ध केले. चालीचे संपूर्ण नियोजन करणारा मध्यवर्ती घटक त्यात नव्हता; पायांना जोडलेल्या साध्या नियमांच्या परस्परक्रियेतूनच त्याची चाल साकारत असे आणि ते खडबडीत पृष्ठभागही ओलांडत असे.

अर्थात, दूरचे उद्दिष्ट गाठणे किंवा कामांचा क्रम ठरवणे केवळ तत्काळ प्रतिसादांना साधत नाही, शिवाय वर्तनांची संख्या वाढली की त्यांच्यातील संघर्ष सोडवणे कठीण होत जाते. म्हणून रोनाल्ड आर्किन यांच्यासारख्या संशोधकांनी वर नियोजन आणि खाली वर्तने अशी संमिश्र रचना पुढे आणली. नियोजन कितीही प्रगत झाले, तरी समोर आलेला अडथळा त्याच्यासाठी थांबत नाही. म्हणूनच माणसांमध्ये वावरणाऱ्या यंत्राची सुरक्षितता तत्पर वर्तनांच्या पायावरच उभारली पाहिजे.