राउटरची किल्ली घरातच असावी

रक्तदाबाच्या गोळ्या कोणत्या डब्यात आहेत आणि विजेचा मुख्य खटका कोठे आहे, हे घरातील ज्येष्ठांना बहुधा ठाऊक असते. मात्र वाय-फायच्या राउटरचा कारभार कोण पाहतो, असे विचारले की उत्तर येते, ‘ते मुलाला माहीत आहे.’ सरावली-बोईसर परिसरात हा मुलगा तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळीवर असतो, किंवा पहाटेच्या लोकलने विरारच्या दिशेने निघून गेलेला असतो. घरी आई-वडील आणि ती लुकलुकणारी पेटी एवढेच उरतात.

आज ही पेटी आरोग्याच्याही कामाची झाली आहे. ई-संजीवनीसारख्या शासकीय सेवेतून डॉक्टरांचा सल्ला घेणे, औषधे मागवणे, निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला घरबसल्या देणे, परगावच्या लेकीशी बोलणे, ही सारी कामे तिच्यामार्फत चालतात. म्हणून तिचा कारभार कुटुंबातील किमान दोघांना माहीत असावा, आणि त्यांतील एक व्यक्ती दिवसभर घरी असणारी असावी.

दोन पासवर्ड, दोन अधिकार

वाय-फायचा पासवर्ड म्हणजे दाराची किल्ली. तो पाहुण्यांनाही दिला जातो. राउटरच्या व्यवस्थापनाचा म्हणजेच ‘ॲडमिन’ पासवर्ड म्हणजे कुलूपच बदलण्याचा अधिकार. पहिला आपण जपतो. दुसरा मात्र अनेक घरांत कारखान्यातून आला तसाच राहतो. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या घातक प्रणालीने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले आणि त्यांच्याद्वारे मोठमोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्या उपकरणांच्या मालकांना बहुधा याची गंधवार्ताही नव्हती.

प्रवेश कसा करावा?

मोबाइल घरच्या वाय-फायला जोडावा आणि मोबाइल डेटा तेवढ्यापुरता बंद ठेवावा. राउटरच्या तळाशी किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर व्यवस्थापनाचा पत्ता, नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. हा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असा असतो. जिओच्या घरगुती जोडणीत तो सहसा १९२.१६८.२९.१ असतो. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत तो इंग्रजी अंकांत, मधल्या टिंबांसह टाइप करावा. शोधयंत्रात ‘राउटर मदत क्रमांक’ असे शोधू नये. तेथे भामट्यांचे क्रमांकही सापडतात. पान उघडण्यापूर्वी ब्राउझर ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देऊ शकतो. पत्ता आपण स्वतः पट्टीवरून पाहून टाइप केला असेल, तर त्याने घाबरून जाऊ नये. काही कंपन्या हे पान स्वतःच्या ताब्यात ठेवतात; तेथे कंपनीकडूनच बदल करून घ्यावेत.

काय बदलावे?

प्रथम ॲडमिन पासवर्ड बदलावा. परस्परांशी संबंध नसलेले चार शब्द एकत्र जोडले, तर पासवर्ड लांबही होतो आणि लक्षातही राहतो. उदाहरणार्थ चिकू, पायरी, तांब्या, गलबत. अर्थात हेच शब्द न घेता आपले वेगळे निवडावेत. मग सुरक्षेच्या प्रकारात ‘डब्ल्यूपीए२’ किंवा ‘डब्ल्यूपीए३’ निवडले आहे ना, ते पाहावे. बाहेरून राउटर हाताळण्याची ‘रिमोट मॅनेजमेंट’ सोय अकारण चालू असल्यास बंद करावी. परिचारिका, मदतनीस आणि पाहुणे यांच्यासाठी ‘गेस्ट’ जाळे वेगळे ठेवावे. जोडलेल्या उपकरणांच्या यादीत अनोळखी नाव दिसले, तर घरातील मोबाइल, टीव्ही, कॅमेरा यांच्याशी ते ताडून पाहावे. तरीही उलगडा झाला नाही, तर वाय-फायचा पासवर्ड बदलावा.

तो बदलताच घरातील सर्व उपकरणे तुटतात आणि प्रत्येकात नवा पासवर्ड भरावा लागतो. म्हणून हे काम सुटीच्या दिवशी, घरात जाणते माणूस असताना करावे. डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलणे ठरले असेल, त्या दिवशी राउटरला हात लावू नये.

काय करू नये?

मागील बारीक छिद्रातील ‘रीसेट’ कळ दाबू नये. तिने सर्व मांडणी पुसली जाते. अनेक जोडण्यांत कंपनीने भरलेली माहितीही जाते आणि तंत्रज्ञ येईपर्यंत इंटरनेट बंद राहते. इंटरनेट अडकल्यास साध्या खटक्याने राउटर बंद करावा, मिनिटभर थांबून चालू करावा आणि चार-पाच मिनिटे वाट पाहावी. फायबर जोडणीत ‘एलओएस’ या अक्षरांजवळ लाल दिवा दिसला, तर बिघाड बहुधा तारेत असतो. तेव्हा मांडणीशी खटपट न करता कंपनीला कळवावे.

‘आम्ही इंटरनेट कंपनीतून बोलतो’ असे सांगून कोणी पासवर्ड, ओटीपी किंवा मोबाइलवर एखादे ॲप घेण्यास सांगितले, तर फोन ठेवावा आणि बिलावरील क्रमांकावर स्वतः चौकशी करावी. पैसे गेले असतील, तर विलंब न लावता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

एक कागद

शेवटी एक कागद तयार करावा. व्यवस्थापनाचा पत्ता, दोन्ही पासवर्ड, ग्राहक क्रमांक आणि कंपनीचा दूरध्वनी त्यावर मोठ्या अक्षरांत लिहावा. तो राउटरवर चिकटवू नये. वैद्यकीय कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवावा. मुलांनो, आई-वडिलांना शेजारी बसवून एकदा हे पान त्यांच्याच हातांनी उघडू द्या. त्यानंतर आपण पाळीवर असताना इंटरनेट अडले, तरी त्यांना आपल्या परतण्याची वाट पाहत बसावे लागणार नाही.