कृषिसाहाय्य व भूसंधारण योजना, जिल्हावार

शेतकऱ्यास अवजारे, सिंचन व फळबाग यांकरिता, तसेच जमिनीची धूप थांबविण्याच्या कामांकरिता शासनाकडून मिळणाऱ्या अनुदानास, कर्जास वा विमासंरक्षणास स्थूलमानाने कृषिसाहाय्य म्हणतात. योजनेचा शोध घेताना प्रथम जमीन कोठे आहे हे पाहावे लागते. कारण महाराष्ट्रात हे साहाय्य मुख्यतः शेतकऱ्याच्या निवासस्थानाशी नव्हे, तर त्याच्या जमिनीच्या गट क्रमांकाशी निगडित आहे.

घाटकोपरसारख्या उपनगरात ही बाब विशेष जाणवते. घाटकोपर हे मुंबई उपनगर जिल्ह्याच्या कुर्ला तालुक्यात मोडते. १ ऑक्टोबर १९९० रोजी स्वतंत्र झालेल्या या जिल्ह्यात, मुंबई शहराप्रमाणेच, जिल्हा परिषद नाही. घाटकोपरला राहणाऱ्या, पण गुहागर, पाटण किंवा जुन्नर तालुक्यात वडिलोपार्जित शेत असलेल्या खातेदाराचा जिल्हा या कामापुरता अनुक्रमे रत्नागिरी, सातारा वा पुणे हाच होय.

शासकीय साहाय्याचा आरंभ तगाईपासून धरता येईल. जमीन सुधारणेच्या कर्जाचा कायदा १८८३ साली व शेतकऱ्यांच्या कर्जाचा कायदा १८८४ साली झाला. पुढे १९४२ च्या मुंबई जमीन सुधारणा योजना अधिनियमाने बांधबंदिस्तीची कामे सलग क्षेत्र धरून आखण्याची सोय केली. यातून उद्‌भवलेला भेद आजही टिकून आहे. ठिबक संच किंवा फळबाग यांसाठी खातेदार वैयक्तिक अर्ज करतो. परंतु समतल चर, नालाबांध, पाणलोट विकास ही कामे एकट्याच्या अर्जाने मिळत नाहीत. डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या जलयुक्त शिवार अभियानातही आधी गावाची निवड व मग ग्रामसभेपुढे गाव आराखडा, असाच क्रम होता. अशा कामात आपल्या शेताचा समावेश व्हावा अशी इच्छा असणाऱ्याने ग्रामसभेस उपस्थित राहणे अर्जापेक्षा अधिक उपयोगी ठरते [⟶ मृदा संधारण].

चौकशीची ठिकाणे एकाहून अधिक आहेत, हा नवख्यास होणारा पहिला त्रास होय. राज्याच्या कृषि विभागाचा तालुका कृषि अधिकारी, जिल्हा परिषदेचा कृषि विकास अधिकारी आणि मृद व जलसंधारण विभागाची कचेरी या तिन्ही यंत्रणा वेगळ्या आहेत. अनुसूचित जातींच्या शेतकऱ्यांसाठी असलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषि स्वावलंबन योजना व अनुसूचित जमातींसाठीची बिरसा मुंडा कृषि क्रांती योजना जिल्हा परिषदेमार्फत राबविल्या जातात. गावपातळीवर सर्वांत उपयुक्त माणूस म्हणजे कृषि सहायक. २०२५ मध्ये या पदास ‘सहायक कृषि अधिकारी’ असे नाव मिळाले.

अर्ज आता महाडीबीटी संकेतस्थळावर घरबसल्या करता येतो, आणि सातबारा व आठ-अ हे उतारेही तेथे न जाता मिळतात. एप्रिल २०२५ पासून योजनांच्या लाभासाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे. तरीही स्थळपाहणी शेतावरच होते. भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजनेचे अनुदान तीन वर्षांत ५०, ३० व २० टक्के असे दिले जाते आणि पुढील हप्ते जगलेल्या झाडांच्या प्रमाणावर अवलंबून असतात; तेव्हा वर्षातून एकदा गणपतीला गावी जाणाऱ्याने हा विचार आधी करावा. ठिबक सिंचनासाठी केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांस ५५ व इतरांस ४५ टक्के अनुदान असून राज्य त्यात पूरक भर घालते.

खरी अडचण पुष्कळदा उताऱ्यावरील नावांची असते. आजोबांच्या मृत्यूनंतर वारसनोंद झालेली नसणे, किंवा सामाईक खात्यातील भावंडांची संमती न मिळणे, यामुळे पात्र कुटुंबही वंचित राहते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ नुसार खातेवाटप करून घेता येते. हे काम योजना जाहीर होण्यापूर्वीच उरकणे श्रेयस्कर. पीकपाहणीची नोंदही महत्त्वाची आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ही नोंद शेतकरी स्वतः भ्रमणध्वनीवरून करू शकतो, पण त्यासाठी शेतात उभे राहावे लागते. याउलट, जो प्रत्यक्ष कसतो परंतु ज्याचे नाव उताऱ्यावर नाही, असा तोंडी कराराने जमीन करणारा कूळ बहुतेक योजनांबाहेर राहतो. मालक घाटकोपरला, कसणारा गावी आणि अनुदान कोणासच नाही, अशी स्थिती कोकणात विरळ नाही.

नगरवासी खातेदाराने आणखी एक मर्यादा ध्यानात घ्यावी. २०१९ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री किसान सन्मान निधीतून वर्षास ६,००० रुपये मिळतात. मात्र आयकर भरणारे, तसेच शासकीय सेवेतील चतुर्थ श्रेणीखेरीज अन्य कर्मचारी यांस तो लागू नाही. अवजारे वा ठिबक यांच्या बाबतीत मात्र केवळ नोकरी असल्याने अपात्रता येतेच असे नाही. प्रत्येक योजनेचा शासन निर्णय स्वतंत्रपणे वाचावा लागतो, व पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केल्यास अनुदान सामान्यतः नाकारले जाते.