एकाच नावाची माणसे

शिवाजी महाराजांच्या थोरल्या बंधूंचे नाव संभाजी. महाराजांच्या पुत्राचे नाव संभाजी. राजाराम महाराजांच्या एका मुलाचे नावही संभाजीच. शाहू महाराजांचे जन्मनाव शिवाजी आणि ताराबाईंच्या मुलाचे नावही शिवाजी. तीन पिढ्यांत तीन संभाजी आणि तीन शिवाजी! ज्या घराण्याचा इतिहास इतका चाळला गेला तिथे ही स्थिती, मग नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत पिढ्यानपिढ्या पाळणाऱ्या सामान्य घरांचे काय? ‘गोविंद वल्द रामचंद्र’ अशी नोंद दिसली की हौशी वंशावळकार हरखतो आणि ती पणजोबांच्या खाती टाकून मोकळा होतो. त्याच भावकीत दोन पिढ्या आधी आणखी एक गोविंद रामचंद्र होऊन गेलेला असतो. बऱ्याच वंशावळी बिघडतात त्या इथे.

यावर उपाय एकच, माणसाला क्रमांक द्यावा. युरोपात रुळलेली एक पद्धत आपल्यालाही सोयीची आहे. स्वतः १, वडील २, आई ३. कोणाचाही क्रमांक दुप्पट केला की त्याचे वडील, त्यात एक मिळवला की आई. म्हणजे आजोबा ४, आजी ५, आईची आई ७. प्रत्येक क्रमांकाला वहीत किंवा संगणकात एक स्वतंत्र पान द्यायचे. चुलत्यांच्या शाखा मूळ पुरुषाच्या क्रमांकाला अक्षर जोडून चालवाव्यात. या पद्धतीचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा गुण म्हणजे तिच्यात बायका गळत नाहीत. ७ क्रमांकाचे पान कोरे राहिले तर ते कोरे दिसते.

पानावर जे लिहाल त्याच्यापुढे आधार हवाच. कोणता कागद, कुठे पाहिला, कितवे पान, कोणी सांगितले. आत्याने सांगितलेले आणि कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीत, सापडलेले एकाच शाईत मिसळले की पुढे वेगळे करता येत नाही. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून दिसली तर ती गुरुजींनी घातलेली असण्याचा संभव मोठा, तेव्हा तसा शेरा मारून ठेवावा.

तारखा तर कागदात जशा असतील तशाच आधी उतरवाव्यात. इसवी सन शेजारी, कंसात. पानिपतचा रणसंग्राम १४ जानेवारी १७६१चा. त्या दिवशी जुन्या कागदांतल्या कालगणनांप्रमाणे शक १६८२, सुहूर सन ११६१ आणि दख्खनी फसली ११७०. शकात ७८ मिळवावेत हे सगळ्यांना पाठ असते, पण ही तिथी पौषातली, तिथे ७९ मिळवावे लागतात. सुहूर आणि फसली वर्षे मृग नक्षत्राला बदलतात. त्यामुळे जूनपासून डिसेंबरपर्यंत अनुक्रमे ५९९ आणि ५९०, पुढे मृगापर्यंत ६०० आणि ५९१. एका वर्षाच्या चुकीने मुलगा बापाच्या मृत्यूनंतर वर्षभराने जन्मलेला ठरू शकतो. मूळ आकडा जपला असेल तर निदान ती चूक पकडता येते.

आता बायकांकडे पुन्हा वळू, कारण खरी अडचण तिथे आहे. लग्नात नाव बदलले, आडनाव बदलले, गाव बदलले. जुने वंशवृक्ष लेकींना पानभर जागा कुठली देणार! अशा वेळी जमिनीचे कागद मदतीला येतात. सातबाऱ्यावर नावाजवळ वर्तुळात फेरफाराचा क्रमांक असतो. तो धरून तलाठी कार्यालयातली किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षातली फेरफाराची नोंद काढली, की खातेदार कधी वारला, वारस कोण, हे समोर येते. त्या नोंदीतून मागचा फेरफार गाठता येतो. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर या वारसनोंदींत लेकी येऊ लागतात, सासरच्या नावाने आणि पुष्कळदा सासरच्या गावासह. पुढे भावांच्या नावे हक्कसोडपत्र होते आणि लेकी सातबाऱ्यावरून पुसल्या जातात. ज्या कागदाने बहिणीचा हिस्सा गेला, त्याच कागदात तिचे संपूर्ण नाव, वय आणि गाव सापडते. असा कागद हाती आला की आधी तिचे पान उघडावे, भावाचे नंतर.

शोधाची एक वेगळी वही हवी. कोणत्या गावचे कोणते रजिस्टर कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत पाहिले आणि काय मिळाले, हे तिच्यात लिहायचे. काही मिळाले नाही हेही लिहायचे, नाहीतर तेच दप्तर पुन्हा चाळत बसण्याची पाळी येते. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत, तिथे रुमालाचा क्रमांक टिपला नाही तर पाहिलेला कागद दुसऱ्यांदा सापडणे कठीणच. मोबाईलवर फोटो काढताना आधी रजिस्टरच्या मुखपृष्ठाचा, मग पानाचा काढावा. मोडीतला मजकूर स्वतः लावता येत नसेल तर जाणकाराकडून बाळबोधीत करून घ्यावा, पण मूळ फोटो त्या लिप्यंतराला जोडलेलाच राहू द्यावा.

त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आडनाव आणि मूळ गाव सांगितले की पूर्वजांचा लेख निघतो. तो वाचून झाला की उपाध्याय आपल्यालाही लिहायला सांगतात. जाताना क्रमांकांचा तक्ता बरोबर असावा, म्हणजे आजी, पणजी, आत्या, लेकी यांची माहेर-सासरची दोन्ही नावे गावासह तिथे उतरवता येतात.