माळावरची टिटवी आणि आपण टाकलेला कचरा

उन्हाळ्यात टिटवी ओरडू लागली की अनेकजण आजही अपशकुन समजतात. खरं तर अंड्यांजवळ कुणीतरी आलंय म्हणून ती कल्लोळ करत असते. हल्ली हे ‘कुणीतरी’ पुष्कळदा मोकाट कुत्रं असतं.

टिटवी, धाविक, चंडोल, तित्तर, माळढोक हे पक्षी जमिनीवरच अंडी घालतात. टिटवीचं घरटं म्हणजे खड्यांमधला एक खळगा, त्यात साधारण ४ अंडी. मातीच्या रंगाची, ठिपकेदार. आपण शेजारून गेलो तरी दिसत नाहीत. पण हा बचाव डोळ्यांपुढे चालतो, नाकापुढे नाही. कुत्रं वासावर येतं.

अंडी खाल्लीच पाहिजेत असंही नाही. मे महिन्यात सोलापूरकडे पारा ४० अंशांच्या वर जातो. तेव्हा टिटवी अंड्यांवर बसते ती ऊब देण्यापेक्षा सावलीसाठी. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. कुत्र्यांची टोळी तिथंच रेंगाळली की टिटवी उठलेलीच राहते आणि अंड्यातला जीव उन्हानं संपतो.

टिटवी पुन्हा अंडी घालू शकते. माळढोकाची मादी बहुधा वर्षाला एकच अंडं घालते. नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झालं, आज तिथं तो दिसला तर बातमी होते. गवताळ रानं घटली, विजेच्या तारा आल्या, ही कारणं मोठी आहेतच. पण उरलेल्या एका अंड्याला कुत्रंही पुरेसं आहे.

कोल्हा, मुंगूस, घोरपडही अंडी खातात, मग दोष कुत्र्यालाच का? रानात भक्ष्य घटलं की कोल्हेही घटतात. कुत्र्यांचं तसं होत नाही, कारण त्यांचं पोट आपण भरतो. चिकनच्या दुकानांचा कचरा, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, पंगतीतलं उरलेलं अन्न, सगळं गावाबाहेर माळावर पडतं. गेली काही वर्षं बकरी ईदही मे-जूनमध्ये, म्हणजे ऐन अंड्यांच्या हंगामात येते.

कुत्र्यांना मारणं हा गुन्हा आहे आणि तो उपायही नाही. नसबंदी हवीच, पण नसबंदीनंतर कुत्रं पुन्हा त्याच जागी सोडलं जातं आणि पक्ष्यामागे धावतंच. म्हणून आम्हाला कचऱ्याचं काम आधीचं वाटतं. कुर्बानीचे अवशेष उचलायला गाडी कधी येणार, हे मोहल्ला कमिटीनं ईदच्या आधीच नगरपालिकेकडून ठरवून घ्यावं. गाडी नसेल तिथं कुत्र्यांना उकरता येणार नाही इतका खोल खड्डा घ्यावा, वर चुना, माती आणि जड दगड टाकावेत.