एमडी म्हणजे एमडीएमए नाही, भाऊ

मागच्या महिन्यात आमच्या मारेगावच्या एका शाळासोबत्याचा फोन आला. सध्या पुण्यात नाइट शिफ्ट करतो. "काय रे बावा, एमडी म्हंजे एमडीएमएच ना? शॉर्टमध्ये बोलतेत?" जागं राहायला कोणीतरी त्याला दोनदा दिली होती. मी लॅपटॉप बंद केला.

एमडी म्हणजे मेफेड्रोन. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ एमआयडीसीत शेकडो किलो पकडली ती हीच. नाकातून ओढली की काही मिनिटांत चढते, दोन-तीन तासांत उतरते. गोची इथेच आहे. डोपामिन झपकन वर जातं, तसंच झपकन खाली येतं, आणि डोकं म्हणतं, अजून एकदा. म्हणून लोक रात्रभर ओढत बसतात, हृदयाचे ठोके वाढलेलेच राहतात.

एमडीएमए, म्हणजे एक्स्टसी, गोळीतून घेतली तर चढायलाच अर्धा-पाऊण तास लागतो. "काहीच होईना" म्हणून दुसरी गोळी घेतली जाते आणि मग दोन्ही एकदम चढतात. हिचा मोठा धोका म्हणजे शरीर तापणं. घाबरून लिटरभर-लिटरभर पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, तेही जीवघेणं. डिप्रेशनच्या काही गोळ्या चालू असतील तर सेरोटोनिनचा अतिरेक होतो. एमडीलाही हे लागू आहे.

क्रिस्टल मेथ सगळ्यात चिवट. आठ-बारा तास, कधी त्याहून जास्त. दोन-तीन दिवस झोप नाही, मग कोणीतरी पाठलाग करतंय असे भास. पुडीवर लेबल नसतं, त्यामुळे आत नेमकं काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

कायद्यातही फरक आहे. एमडी २०१५ पासून एनडीपीएसमध्ये आहे. व्यावसायिक मात्रा एमडीची ५० ग्रॅम, एमडीएमएची फक्त १०. त्यापुढे किमान दहा वर्षं.

छातीत दुखतंय, अंग भट्टीसारखं तापलंय, झटके येतायत, तर १०८ लावा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. सोडायचं असेल तर १४४४६, फुकट आहे. स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार पूर्ण करणाऱ्याला, प्रकरण फक्त सेवनाचं किंवा अल्प मात्रेचं असेल तर, कलम ६४अ खटल्यापासून संरक्षण देतं. मित्राला हेच माहीत नव्हतं, पोलिसांच्या भीतीने तो गप्प होता. रविवारी मी त्याच्याकडे जातोय, फोन तिथूनच लावू.