मुतखड्याची रोलरकोस्टर सफर! 🎢

‘रोलरकोस्टरमध्ये बसा, मुतखडा पाडा!’ मथळा वाचून हसू आलं? मनसोक्त हसा, पण पुढचंही वाचा.

फ्लोरिडाच्या डिस्ने वर्ल्डमध्ये ‘बिग थंडर माउंटन’ या रोलरकोस्टरमध्ये बसल्यावर खडे पडले, असं रुग्णांकडून ऐकून अमेरिकेतल्या डॉ. डेव्हिड वॉर्टिंगर यांनी सिलिकॉनचं मूत्रपिंड बनवलं. त्यात खरे खडे आणि लघवी भरली, ते पाठपिशवीत ठेवलं आणि सहकाऱ्यासोबत फेऱ्यांवर फेऱ्या मारल्या! मागच्या सीटवर सुमारे ६४ टक्के वेळा खडा सुटला, पुढच्या सीटवर जेमतेम १७ टक्के.

२०१८ मध्ये त्यांना वैद्यकाचं इग नोबेल मिळालं. आधी हसवणाऱ्या, मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा हा भन्नाट सन्मान!

मात्र प्रयोग प्रतिकृतीवर झालाय. मुतखडा असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा, जत्रेतला पाळणा नंतर!